घरगुती संगणकावरील राखीव प्रतींचे दोष : निदान व निवारण (चाळीसगाव परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

महाविद्यालयीन अध्यापकाचे बहुतांश लेखन, संशोधनसाहित्य व सेवाविषयक पुरावे आज त्याच्या घरच्या संगणकात साठविलेले असतात. या साहित्याची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, घेतली जाते. परंतु ती अपूर्ण राहणे, मध्येच थांबणे किंवा गरजेच्या वेळी न उघडणे हे अनुभव सार्वत्रिक आहेत. प्रस्तुत लेखात विंडोज प्रणालीवरील राखीव प्रतींच्या प्रमुख दोषांची कारणे, त्यांच्या निदानाचा क्रम आणि निवारणाचे उपाय यांचे विवेचन केले आहे. चाळीसगाव येथे २०२१ साली आलेल्या पुराच्या संदर्भात प्रतीच्या स्थानाचा प्रश्नही विचारात घेतला आहे. राखीव प्रत ही घेतल्याने नव्हे, तर परत मिळाल्याने सिद्ध होते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : राखीव प्रत, शॅडो कॉपी, पुनर्प्राप्ती, युनिकोड, तीन-दोन-एक नियम.

१. प्रस्तावना

दि. ३० व ३१ ऑगस्ट २०२१ दरम्यानच्या रात्री कन्नड घाटाच्या डोंगररांगेत अतिवृष्टी झाली. घाटात दरडी कोसळून धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला आणि तितूर व डोंगरी या नद्यांना आलेल्या पुराचे पाणी चाळीसगाव शहरातील दुकानांत व घरांत शिरले. तालुक्यातील अनेक गावांत पिके व जनावरे वाहून गेली. अशा आपत्तीत माणसांचा जीव, गुरे व धान्य यांची चिंता प्रथम असते आणि ते योग्यच आहे. परंतु पाणी ओसरल्यानंतर जी हानी हळूहळू लक्षात येते, तीत कागदपत्रे व संगणक यांचा समावेश असतो. टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला संगणक आणि त्याच टेबलाच्या खालच्या खणात ठेवलेली बाह्य हार्डडिस्क यांच्यात पुराचे पाणी भेद करीत नाही. मूळ व राखीव अशा दोन प्रती असूनही त्या एकाच पाण्यात जाऊ शकतात.

हा धोका सर्वांना समजतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. याउलट, दररोज कोरड्या खोलीत घडणारा धोका दिसत नाही. पडद्यावर ‘बॅकअप पूर्ण झाला नाही’ असा संदेश येतो, तो बंद केला जातो आणि पुढे कित्येक महिने प्रत घेतलीच जात नाही. संगणक बिघडतो त्या दिवशी ही गोष्ट प्रथम कळते. अध्यापकाच्या बाबतीत अशा हानीचे मोल मोठे असते. प्रबंधाची अर्धी झालेली प्रकरणे, क्षेत्रीय मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, पाच वर्षांचे नॅक मूल्यांकनाचे दस्तऐवज, पदोन्नतीसाठी जमविलेली प्रमाणपत्रे यांतील बरेचसे साहित्य दुसऱ्यांदा निर्माण करता येत नाही. ज्या वृद्ध निवेदकाची मुलाखत घेतली तो हयात नसेल, तर ती फाइल ही केवळ फाइल नसते.

२. उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) राखीव प्रत व तिच्याशी गल्लत होणाऱ्या सोयी यांतील भेद स्पष्ट करणे, (२) प्रत अपूर्ण राहण्याची प्रमुख कारणे व त्यांच्या निदानाचा क्रम सांगणे, (३) पूर्ण झालेली प्रतही का उघडत नाही याची मीमांसा करणे, (४) मर्यादित साधनांत पाळता येईल अशी कार्यपद्धती सुचविणे. विवेचन मुख्यतः विंडोज प्रणालीपुरते मर्यादित आहे.

३. संकल्पना : राखीव प्रत कशास म्हणावे?

मूळ फाइल नष्ट झाली तरी स्वतंत्रपणे टिकून राहते व पुन्हा वापरता येते, अशी प्रत म्हणजे राखीव प्रत. या व्याख्येच्या कसोटीवर पुढील तीन गोष्टी उतरत नाहीत. तरीही त्यांना बॅकअप समजण्याची चूक वारंवार होते.

पहिली गोष्ट ‘सिस्टिम रिस्टोर’ ही होय. तिच्यामुळे प्रणालीच्या फाइली व मांडणी मागील तारखेच्या स्थितीत नेता येतात. मात्र पुसला गेलेला शोधनिबंध तिच्यामुळे परत येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच हार्डडिस्कच्या ‘डी’ भागात ठेवलेली नक्कल. ‘सी’ व ‘डी’ हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क निकामी झाली की दोन्ही एकाच वेळी जातात. तिसरी गोष्ट म्हणजे वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्ह यांद्वारे होणारे समक्रमण. समक्रमणाने दोन ठिकाणची स्थिती सारखी राखली जाते. त्यामुळे घरी चुकून पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते आणि साधारणतः ३० दिवसांनंतर तेथील कचरापेटीतूनही नाहीशी होते. समक्रमण उपयुक्त आहे. परंतु चुकीचीही तितक्याच निष्ठेने नक्कल करणाऱ्या व्यवस्थेवर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे ठरते.

विंडोजमधील साधनेही काळानुसार बदलत गेली आहेत. एक्सपीमध्ये ‘एनटीबॅकअप’ हे साधन होते. विंडोज ७ मध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोर’ व त्यातील संपूर्ण प्रणालीची प्रतिमा घेण्याची सोय प्रचलित झाली. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फाइल हिस्टरी’ आली. विंडोज ७ चे जुने साधन विंडोज १० व ११ मध्येही नियंत्रण कक्षात सापडते. मात्र प्रणालीची प्रतिमा घेण्याच्या सोयीचा विकास थांबविल्याचे मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच जाहीर केले होते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुना संगणक सोडून नव्याकडे जाताना ज्या प्रतीवर भिस्त ठेवायची, ती निर्दोष आहे किंवा नाही हे पाहणे आवश्यक झाले आहे.

४. निदानाचा क्रम

वैद्यकाप्रमाणे येथेही उपचारापूर्वी निदान आणि निदानापूर्वी रुग्णाचे रक्षण हा क्रम पाळावा लागतो. बॅकअप अयशस्वी झाल्याचा संदेश येताच दुरुस्तीची साधने चालविण्याचा मोह होतो. तसे न करता अत्यंत महत्त्वाच्या फाइली प्रथम साध्या पद्धतीने दुसऱ्या माध्यमावर उतरवून घ्याव्यात. मूळ डिस्कच निकामी होत असेल, तर ‘चेकडिस्क’सारख्या साधनाने होणारे प्रदीर्घ वाचन तिचा उरलासुरला काळ संपवू शकते. म्हणून आधी प्रत, मग दुरुस्ती.

त्यानंतर दोष चार जागांपैकी कोठे आहे हे ठरवावे : ज्या डिस्कवरून प्रत घ्यावयाची ती मूळ डिस्क; जिच्यावर घ्यावयाची ते माध्यम; या दोहोंमधील मार्ग, म्हणजे केबल, जोडणी व विंडोजची प्रत घेणारी सेवा; आणि वीजपुरवठा व वेळापत्रक. एक साधी चाचणी येथे उपयोगी पडते. एकच मोठी फाइल हाताने बाह्य डिस्कवर उतरवून पाहावी. ती उतरली, तर माध्यम व केबल बहुधा ठीक असून दोष सेवेत किंवा मूळ डिस्कच्या अन्य भागात असण्याची शक्यता वाढते. ती अडली, तर केबल, जोडणी व माध्यम यांपासून तपास सुरू करावा.

संदेशाबरोबर आलेला त्रुटी क्रमांक लिहून ठेवणे हा निदानाचा पाया होय. हे क्रमांक ‘शून्य-एक्स’ या उपसर्गाने सुरू होतात; पुढील विवेचनात उपसर्ग गाळून केवळ नंतरचे अंक दिले आहेत. संदेशाची चौकट बंद केली असल्यास ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या साधनातील नोंदींत तो क्रमांक वेळेसह सापडतो.

५. प्रत अपूर्ण राहण्याची कारणे

५.१ जागेचा अभाव, खरा व भासमान

८००७००७० या क्रमांकाचा अर्थ माध्यमावर जागा उरलेली नाही असा होतो. जुन्या आवृत्त्या तपासून काढून टाकणे किंवा मोठी डिस्क घेणे हा त्यावरील सरळ उपाय आहे. मात्र बाह्य डिस्कवर शेकडो गिगाबाइट जागा मोकळी असतानाही ‘पुरेशी जागा नाही’ असा संदेश येतो, तेव्हा पुढील दोन शक्यता पाहाव्यात.

पहिली शक्यता माध्यमाच्या मांडणीची आहे. अनेक पेनड्राइव्ह ‘फॅट-३२’ या मांडणीचे असतात आणि या मांडणीत ४ गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. प्रणालीची प्रतिमा ही एकच प्रचंड फाइल असल्याने ती तेथे राहू शकत नाही. माध्यम ‘एनटीएफएस’ मांडणीत आणल्यावर ही अडचण दूर होते. परंतु असे करताना माध्यमावरील सर्व मजकूर पुसला जातो, हे ध्यानात ठेवून तो आधी अन्यत्र हलवावा.

दुसरी शक्यता अधिक फसवी आहे. ८०७८०११९ हा क्रमांक आल्यास वापरकर्ता बाह्य डिस्क रिकामी करीत राहतो व दोष तसाच राहतो. याचे कारण असे की, तक्रार बाह्य डिस्कविषयी नसून संगणकातील एका लहान, एरवी न दिसणाऱ्या विभागाविषयी असते. विंडोज सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाइलींचा हा राखीव विभाग जुन्या संगणकांत अवघा १०० मेगाबाइटचा असतो. प्रणालीची प्रतिमा घेताना त्याचीही तात्पुरती छायाप्रत घेतली जाते. त्यासाठी ५०० मेगाबाइटपेक्षा लहान विभागात किमान ५० आणि त्याहून मोठ्या विभागात किमान ३२० मेगाबाइट जागा मोकळी लागते. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये हा विभाग व त्यातील मोकळी जागा पाहता येते. जागा कमी असल्यास विभाग वाढविणे हा उपाय आहे. तो जाणकाराकडून व फाइली अन्यत्र उतरवून घेतल्यानंतरच करावा.

५.२ छायाप्रत सेवेतील अडथळे

उघड्या असलेल्या फाइलीची प्रत घेणे म्हणजे चालत्या गाडीचे छायाचित्र घेण्यासारखे आहे. त्यासाठी विंडोजमध्ये ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ ही सेवा असते. ती क्षणभर सर्व लेखन रोखून डिस्कची तत्कालीन अवस्था गोठविते आणि त्या गोठविलेल्या अवस्थेवरून प्रत घेतली जाते. ही सेवा अडली की ८१००००१९ हा क्रमांक, म्हणजे छायाप्रत तयार करता आली नाही असा संदेश, संभवतो.

येथे प्रथम संगणक पूर्णतः बंद करून पुन्हा सुरू करावा. अनेक प्रसंगी तेवढ्याने काम होते. त्यानंतर ‘सर्व्हिसेस’च्या यादीत ही सेवा निष्क्रिय केलेली नाही ना, हे पाहावे. एकाच संगणकावर बॅकअपची दोन-तीन सॉफ्टवेअर असल्यास ती एकमेकांना अडवू शकतात. त्यांपैकी एकच ठेवावे. विषाणुरोधक सॉफ्टवेअरही कधी कधी प्रत घेण्यास आड येते. प्रशासक म्हणून उघडलेल्या आज्ञाचौकटीत ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन’ आज्ञेला ‘लिस्ट रायटर्स’ हे शब्द जोडून दिल्यास या सेवेशी जोडलेल्या घटकांची यादी येते व कोणता घटक अयशस्वी आहे ते कळते.

५.३ न सापडणाऱ्या व वगळल्या गेलेल्या फाइली

८००७०००२ हा क्रमांक सांगितलेली फाइल सापडत नाही असे दर्शवितो. घरातील एखाद्याचे संगणकावरील जुने खाते काढून टाकले, परंतु बॅकअपच्या यादीत त्याचा फोल्डर राहिला, तर असे घडते. बॅकअपची निवड पुन्हा नव्याने करून केवळ अस्तित्वात असलेले फोल्डर निवडावेत.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. विंडोजमधील अनेक साधनांत फोल्डरांसह फाइलीच्या संपूर्ण पत्त्याची मर्यादा २६० चिन्हांची असते. युनिकोडमध्ये प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी व हलन्त हे स्वतंत्र चिन्ह मोजले जाते. ‘प्रकरण’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या मोजणीत तो सहा चिन्हांचा असतो. म्हणून फोल्डरात फोल्डर आणि प्रत्येकाला लांबलचक मराठी नाव अशी रचना मर्यादा लवकर ओलांडते आणि अशा फाइली प्रतीतून गाजावाजा न होता वगळल्या जातात. नावे आटोपशीर ठेवणे व फोल्डरांची उतरंड कमी करणे हा साधा उपाय आहे.

५.४ डिस्क, केबल व उष्णता

८००७००१७ हा क्रमांक वाचलेल्या मजकुराची पडताळणी जुळत नसल्याचे, तर ८००७०४५डी हा क्रमांक उपकरणाशी होणाऱ्या देवाणघेवाणीत अडथळा आल्याचे दर्शवितो. दोहोंत प्रथम केबल बदलावी, बाह्य डिस्क संगणकाच्या मागील बाजूच्या जोडणीस थेट लावावी व मध्ये विस्तारक वापरू नये. तरीही दोष राहिल्यास डिस्कच्या स्वयंनिरीक्षणाची ‘स्मार्ट’ नोंद पाहावी. तीत बदललेल्या किंवा बदलाच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर डिस्कवर विश्वास ठेवण्याचा काळ संपला असे समजावे.

खानदेशातील उन्हाळाही येथे विचारात घ्यावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जात असताना, पंखा नसलेल्या बंद पेटीतील बाह्य डिस्कवर दुपारी तासन्‌तास प्रत घेणे इष्ट नव्हे. त्या दिवसांत हे काम पहाटे किंवा रात्री करावे आणि डिस्क गादीवर किंवा कापडावर न ठेवता मोकळ्या हवेत ठेवावी.

५.५ वीज व वेळापत्रक

२००० नंतरच्या दशकातील भारनियमनाने संगणक वापरणाऱ्यांना एक धडा दिला होता : वीज जाण्याची वेळ ठाऊक असली, तर काम तिच्याआधी संपविता येते. पावसाळ्यातील अवचित खंड मात्र सांगून येत नाहीत. प्रत घेतली जात असताना वीज गेल्यास चालू असलेली फाइल अर्धवट राहतेच, शिवाय माध्यमाची मांडणीही बिघडू शकते. टेबलावरील संगणकास यूपीएस असावा. बाह्य डिस्कला स्वतंत्र वीज लागत असल्यास तीही त्याच यूपीएसवर असावी. केवळ पडदा व संगणक यूपीएसवर आणि डिस्क थेट भिंतीवरील सॉकेटवर, अशी जोडणी केल्यास यूपीएसचा हेतूच विफल होतो.

लॅपटॉपच्या बाबतीत दोष उलट प्रकारचा असतो. नियोजित कामांची मूळ मांडणी बहुधा वीज जोडलेली असतानाच काम सुरू करण्याची असते. बॅटरीवर चालणारा किंवा निद्रावस्थेत गेलेला लॅपटॉप ठरलेली वेळ चुकवितो. रात्री दोन वाजताचे वेळापत्रक ज्या घरात रात्री संगणक बंद असतो तेथे निरर्थक ठरते.

६. दोषांचे मौन

वर उल्लेखिलेले दोष निदान बोलतात तरी. मौन बाळगणारे दोष अधिक घातक असतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणकसेवेच्या मुख्य माहितीसाठ्यातील मजकूर चुकून पुसला गेला. संस्थेकडे प्रती घेण्याच्या व टिकविण्याच्या पाच पद्धती होत्या. आणीबाणीत त्यांपैकी एकही भरवशाची ठरली नाही. एका पद्धतीत आवृत्तीच्या विसंगतीमुळे प्रत तयारच होत नव्हती आणि ते कळविणारे ई-पत्र स्वीकारले जात नव्हते. अखेरीस सुमारे सहा तास आधी अन्य कारणासाठी घेतलेल्या एका प्रतीवरून सेवा पूर्ववत करण्यात आली आणि मधल्या सहा तासांतील माहिती गेली ती गेलीच. तज्ज्ञांच्या संस्थेत जे घडते ते घरात घडणे अगदीच स्वाभाविक आहे. म्हणून ‘संदेश आला नाही’ याचा अर्थ ‘सर्व ठीक आहे’ असा घेऊ नये. शेवटच्या यशस्वी प्रतीची तारीख स्वतः पाहावी.

७. पूर्ण झालेली प्रत न उघडण्याची कारणे

मराठी अध्यापकांच्या बाबतीत पुनर्प्राप्तीचा सर्वांत वेदनादायक दोष फॉन्टशी निगडित आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्री-लिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरमधून मराठी टंकलेखन होत असे. त्या पद्धतीत देवनागरी अक्षर हे रोमन अक्षराच्या जागेवर बसविलेले चित्र असे. अशा फाइलीची प्रत निर्दोष असली तरी तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. मजकूर जिवंत असतो, परंतु त्याला वाचा नसते. ज्यांचे प्रबंध व ग्रंथ त्या काळातील आहेत त्यांनी फाइलींबरोबर फॉन्टही जतन करावेत, फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ करून ठेवावी आणि परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणून तो डोळ्यांखालून घालावा. परिवर्तनात जोडाक्षरे व रफार यांत चुका राहण्याचा संभव असतो.

दुसरा दोष जुन्या स्वरूपाचा आहे. एनटीबॅकअपने तयार केलेल्या ‘बीकेएफ’ फाइली विंडोज व्हिस्टापासून थेट उघडत नाहीत. मायक्रोसॉफ्टने त्यांच्या पुनर्प्राप्तीसाठी स्वतंत्र साधन दिले होते, तेही व्हिस्टा व विंडोज ७ या प्रणालींसाठी. कपाटात अशी फाइल असलेली सीडी असेल, तर जुना संगणक चालू आहे तोवरच ती उघडून साध्या फाइलींत रूपांतरित करावी. सीडी व डीव्हीडीवरील रंगद्रव्याचा थर काळानुरूप खालावतो, हे आणखी एक कारण घाई करण्यास पुरेसे आहे.

तिसरा दोष नव्या काळाचा आहे. विंडोज ११ च्या अनेक संगणकांत डिस्क आपोआप कूटबद्ध केलेली असते. संगणक बिघडल्यावर डिस्क काढून दुसरीकडे लावली, तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागितली जाते. ती कळ मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असल्यास तेथून मिळते. तथापि खात्याचा परवलीचा शब्दच विसरला असेल, तर मालकही परका ठरतो. ही कळ कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवणे हिताचे आहे.

८. प्रतीचे स्थान

प्रत पूर्ण आहे, उघडतेही. तरी ती कोठे आहे हा प्रश्न उरतोच. ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाची निर्मिती चालू असताना १९९८ मध्ये पिक्सार संस्थेच्या संगणकांवरून एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाचा बराचसा भाग पुसला गेला. संस्थेच्या राखीव प्रती सदोष निघाल्या. गेलिन सुसमन या तंत्रसंचालिका अपत्यजन्मानंतर घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तिच्यावरून चित्रपट वाचला. त्या प्रतीचे मोल ती दुसऱ्या छताखाली असण्यात होते.

याचे अधिक जुने उदाहरण चाळीसगाव तालुक्यातच आहे. पाटण येथील शिलालेखानुसार भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि शके ११२८ मध्ये, म्हणजे इ. स. १२०७ मध्ये, त्यास दान मिळाल्याची नोंद झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांच्या निदर्शनास आणला. त्या मठाची अध्ययनपरंपरा आज तेथे उरलेली नाही. भास्कराचार्यांचे ग्रंथ मात्र उरले. कारण त्यांच्या हस्तलिखित प्रती देशाच्या निरनिराळ्या प्रांतांत पसरल्या होत्या आणि ‘लीलावती’चे फैजीकृत फारसी भाषांतरही १५८७ मध्ये झाले होते. एकाच ठिकाणी कितीही निगुतीने जपलेली परंपरा त्या ठिकाणाबरोबर खंडित होऊ शकते, विखुरलेली टिकते.

हेच तत्त्व छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेल्या ‘तीन-दोन-एक’ नियमात आहे : एकूण तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक अन्य ठिकाणी. चाळीसगावसारख्या नदीकाठच्या शहरात ‘अन्य ठिकाण’ याचा अर्थ शेजारची खोली किंवा त्याच पूररेषेतील नातेवाइकाचे घर असा होत नाही. जळगाव, धुळे किंवा पुणे येथील आप्ताकडे ठेवलेली डिस्क अथवा महाजालावरील साठा यांस तो मान मिळतो. महाजालावर साठविताना वेगाचा हिशेब आधी करावा. सेकंदाला १० मेगाबिट हा पाठविण्याचा वेग अखंड मिळाला तरी १०० गिगाबाइट मजकुरास सुमारे २२ तास लागतात. म्हणून प्रथम केवळ स्वनिर्मित लेखन व आधारसामग्री पाठवावी, चित्रपट व गाणी नव्हेत.

स्थानाबरोबर जोडणीचाही विचार करावा. मे २०१७ मध्ये अनेक देशांत पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने संगणकातील फाइली कूटबद्ध केल्या, त्या वेळी जोडलेल्या बाह्य डिस्कही सुटल्या नाहीत. संगणकातील छायाप्रती तर हा विषाणू पुसून टाकीत असे. यास्तव प्रत घेऊन झाल्यावर डिस्क सुरक्षितपणे विलग करणे हा शिष्टाचार नसून संरक्षण आहे.

९. सुचविलेली कार्यपद्धती

(१) साहित्याचे दोन भाग करावेत : पुन्हा मिळू शकणारे व न मिळू शकणारे. दुसऱ्या भागास अग्रक्रम द्यावा. (२) आठवड्यातून एक निश्चित वार ठरवून बाह्य डिस्कवर प्रत घ्यावी, शेवटच्या यशस्वी प्रतीची तारीख पाहावी व डिस्क विलग करून उंचावर ठेवावी. (३) महिन्यातून एकदा महत्त्वाच्या लेखनाची प्रत महाजालावर किंवा दुसऱ्या गावी पोहोचेल अशी व्यवस्था करावी. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, ही प्रत अद्ययावत आहे याची खात्री करावी. (४) दर तीन महिन्यांनी कोणतीही एक फाइल प्रतीतून काढून दुसऱ्या संगणकावर उघडावी. मराठी मजकूर, तक्ते व ध्वनिफीत अशा निरनिराळ्या प्रकारांच्या फाइली आळीपाळीने तपासाव्यात. (५) त्रुटी क्रमांक, तारीख व केलेला उपाय यांची नोंद वहीत ठेवावी. तोच क्रमांक दोनदा आल्यास उपायाऐवजी माध्यम बदलावे. (६) परवलीचे शब्द व पुनर्प्राप्ती कळ घरातील आणखी एका व्यक्तीस ठाऊक असावी.

पूरग्रस्त डिस्कबाबत एक वेगळी सूचना आवश्यक आहे. भिजलेली डिस्क वाळली असे वाटले तरी तिला वीज देऊ नये, उन्हात तापवू नये व उघडू नये. आत गाळ असल्यास फिरत्या तबकडीवर ओरखडे पडून वाचू शकला असता असा मजकूरही जातो. ती आहे त्या स्थितीत माहिती-पुनर्प्राप्तीच्या जाणकाराकडे सोपवावी.

१०. निष्कर्ष

राखीव प्रतींचे बहुतेक दोष तांत्रिकदृष्ट्या गहन नसतात. लहान विभागातील अपुरी जागा, अडलेली सेवा, सैल केबल, चुकलेले वेळापत्रक, हरवलेला फॉन्ट ही कारणे एकदा ओळखली की आटोक्यात येतात. हानी होते ती दोषामुळे कमी आणि तो उशिरा कळल्यामुळे अधिक. ‘बॅकअप घेतला आहे’ हे विधान जोवर एखादी फाइल परत काढून वाचलेली नाही, तोवर केवळ गृहीतक असते. आणि गृहीतकाची पडताळणी करणे हा तर अध्यापक-संशोधकाचा नित्याचा व्यवसाय होय. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत जी शिस्त अपेक्षिली जाते, तीच घरच्या संगणकास लावली, तर तितूरचे पाणी पुन्हा दारात आले तरी टेबल भिजेल, परंतु वर्षानुवर्षांचे काम वाचेल.